ती काय खाते, हे केस पेपरवर कुठे आहे? परळमधल्या १९२८ ते १९३१ च्या एका संशोधनाचं प्रकरण

रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली की डोळा आधी दोन गोष्टी बघतो. तांबड्या पेशी केवढ्या आहेत आणि किती फिक्या आहेत. गरोदर बाईचं रक्त कमी असेल तर बहुतेक काचांवर पेशी लहान आणि मधोमध पांढुरक्या दिसतात. लोह कमी पडलंय, हे तिथेच कळतं. पण अधूनमधून एखादी काच वेगळी निघते. पेशी मोजक्याच, पण जी आहे ती फुगलेली, अंडाकृती, काठोकाठ भरलेली. शेजारच्या पांढऱ्या पेशीच्या केंद्रकाला तीन-चार पाकळ्या असायच्या, तिथे सहा. अशी काच आली की मी खुर्ची पुढे ओढते.

दोन वर्षांपूर्वी अशीच एक आली. सातवा महिना, हिमोग्लोबिन सहाच्या खाली, आणि कागदावर शेरा: "गोळ्या चालू, फरक नाही." मी वॉर्डात फोन करून विचारलं, "बाई खाते काय?" सिस्टर जरा थांबून म्हणाल्या, "मॅडम, ते पेपरवर नाहीये. थांबा, तिलाच विचारते." मिनिटभरात उत्तर आलं. सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी चहा-पाव, रात्री दोन घास भात. मळमळ थांबतच नव्हती, म्हणून गेले तीन-चार महिने हेच. डाळ नाही, पालेभाजी नाही. आणि गोळ्या? "चालू" म्हणजे हातात दिल्या होत्या. घेतली की उलटी होते, म्हणून तिने त्या डब्यात ठेवून दिल्या होत्या. डब्यातल्या त्याच गोळ्यांत फोलिक ॲसिडही होतं, म्हणजे रक्ताच्या पेशी नीट तयार व्हायला लागणारं जीवनसत्त्व.

विचारायला एक मिनिट लागलं. पण हा प्रश्न उपचाराचा भाग आहे, हे वैद्यकाला सहज कळलेलं नाही. ते ज्या कामातून कळलं त्यातलं मोठं काम मुंबईत, परळला, डॉ. ल्युसी विल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. त्या कामाचं प्रकरण इथे नीट मांडायचं आहे, कारण त्यातली पद्धत मला आजही वॉर्डात हवी आहे.

आजार काय होता

बाळंतपणाच्या आसपास बाई पांढरीफटक पडते, धाप लागते, पाय सुजतात, जीभ सोलवटून लाल होते आणि काही जणी प्रसूतीच्या आधी किंवा नंतर लगेच दगावतात. हे डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकापासून लिहून ठेवलं होतं. विल्यम ऑस्लर यांनी १९१९ मध्ये गरोदरपणातल्या तीव्र रक्तक्षयावर लेख लिहिला तेव्हाही कारण हाती नव्हतं. काचेवर दिसणाऱ्या पेशी मोठ्या होत्या, अगदी पर्निशियस ॲनिमिया नावाच्या, तेव्हा जीवघेण्या ठरणाऱ्या रक्तक्षयात दिसतात तशा. म्हणून या आजाराचं नावच पडलं 'गरोदरपणातला पर्निशियस ॲनिमिया'. हे नाव पुढे बराच घोळ घालणार होतं.

खऱ्या पर्निशियस ॲनिमियावर १९२६ मध्ये बोस्टनच्या जॉर्ज मिनो आणि विल्यम मर्फी यांनी इलाज दाखवला होता. रोज भरपूर यकृत खायला द्यायचं. तोवर हा आजार म्हणजे मरणच. त्यामुळे १९२८ मध्ये कुणी म्हणालं असतं की गरोदर बायकांनाही यकृत द्या आणि विषय संपवा, तर ते चुकीचं ठरलं नसतं. बायका बऱ्याही झाल्या असत्या. पण यकृताचा अर्क महाग होता आणि मुंबईतल्या ज्या बायका या आजाराने मरत होत्या त्या सगळ्यांत गरीब होत्या. शिवाय एक प्रश्न उरलाच असता: इतक्या मोठ्या शहरात हा आजार काही घरांतच का शिरतो?

परळ

हाफकिन इन्स्टिट्यूट परळला, जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये. प्लेगच्या लशीसाठी १८९९ मध्ये तिथे प्रयोगशाळा थाटली गेली. १९२५ पासून ती वाल्डेमार हाफकिन यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. भोवती गिरण्यांचे भोंगे आणि चाळी. गिरण्यांच्या वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. बाळंतपणाच्या काळात त्यांना पगारी रजा मिळावी, यासाठी मुंबईच्या विधिमंडळात १९२८ मध्ये विधेयकावर चर्चा झाली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला आणि १९२९ मध्ये कायदा झाला. रक्तक्षयाचं संशोधन आणि हा कायदा एकाच शहरात, एकाच वेळी घडत होते. मला यात योगायोगापेक्षा जास्त काही दिसतं. गरोदर बाईचं मरण ही दैवाची गोष्ट नाही, ती मोजता येते आणि टाळता येते, असं त्या काळात दोन वेगळ्या ठिकाणचे लोक म्हणायला लागले होते.

इंडियन रिसर्च फंड असोसिएशन, म्हणजे आजच्या आयसीएमआरची पूर्वसंस्था, मातामृत्यूंची चौकशी करत होती. त्या कामामागे डॉ. मार्गारेट बाल्फोर होत्या. भारतातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय सेवेत त्यांची वर्षानुवर्षं गेली होती. त्यांच्या बोलावण्यावरून १९२८ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमधून डॉ. ल्युसी विल्स मुंबईत आल्या. वय चाळीस. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकलेल्या, वैद्यकाची पदवी उशिरा, १९२० मध्ये घेतलेली. नोकरी रासायनिक पॅथॉलॉजीची. मला हा तपशील महत्त्वाचा वाटतो. वनस्पतिशास्त्र शिकलेला माणूस रोप सुकलं तर आधी माती बघतो.

या कामात त्यांच्याबरोबर डॉ. मेहता आणि डॉ. तळपदे होते. विल्स यांचं नाव जगभर गेलं. या दोघांची नावं मात्र इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चच्या १९३० मधल्या लेखांवर राहिली. तळपदे यांनी बाल्फोर यांच्याबरोबर गिरणी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या परिस्थितीवरही लिहिलं. मुंबईतल्या घरात शिरून बाईशी तिच्या स्वयंपाकाबद्दल बोलायचं तर भाषा लागते, ओळख लागते, उंबऱ्यावर चप्पल काढण्याची रीत लागते. हे काम लंडनहून आलेली डॉक्टर एकटी करू शकली नसती, हे उघड आहे.

संशय कुणाकुणावर होता

पहिला संशय जंतूंवर. तो काळच तसा होता. पोटात काही संसर्ग होऊन रक्त नासत असेल, म्हणून विल्स आणि सहकाऱ्यांनी जंतू शोधले. हाती काही लागलं नाही.

मग घरं. मुंबईतल्या बायकांचा आहार आणि राहणी यांची पाहणी करून तो एक स्वतंत्र लेखच झाला. विल्स आणि तळपदे यांचा. वेगवेगळ्या समाजांतल्या, वेगवेगळ्या ऐपतीच्या घरांतल्या बायका काय खातात याची नोंद घेतली आणि ती रक्ताच्या नोंदीशेजारी ठेवली. तेव्हा चित्र स्पष्ट झालं. सुखवस्तू घरांत हा आजार क्वचित. सगळ्यांत जास्त होता तो गरीब मुस्लिम बायकांमध्ये, आणि सगळ्यांत तोकडा आहारही त्यांचाच होता. भाजी, फळं, दूध, मांस, सगळंच कमी.

इथे मी थोडी थांबते, कारण अशा पाहणीत एक धोका असतो आणि तो आजही टळलेला नाही. आकडा एका समाजापाशी जमा झाला की लोक म्हणतात, "त्यांच्यात तसंच असतं." म्हणजे दोष चालीरीतीवर टाकून मोकळं व्हायचं. पण त्याच समाजातल्या बऱ्या परिस्थितीतल्या बाईला हा आजार क्वचित होतो, हे दिसलं की खापर धर्मावर फोडता येत नाही. पाहणी ऐपतीनुसार केली होती म्हणूनच हे दिसू शकलं. समाजानुसार तक्ता करून थांबले असते, तर आजही पुस्तकांत भलतंच कारण वाचायला मिळालं असतं.

उंदरांची गोष्ट

१९२९ मध्ये विल्स काही काळ निलगिरीतल्या कुन्नूरला गेल्या. तिथल्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये रॉबर्ट मॅकॅरिसन यांचं पोषणाचं संशोधन चाले. भारतातल्या वेगवेगळ्या प्रांतांतला आहार उंदरांना देऊन त्यांची वाढ ते ताडून बघत. विल्स यांनी मुंबईतल्या आजारी बायकांसारखा आहार गाभण उंदरांना दिला. उंदीर पांढरे पडले आणि पिल्लं व्हायच्या आधीच मरू लागले. त्याच आहारात यीस्ट मिसळलं तर रक्तक्षय टळला.

वाचताना वाटतं, झालं, सापडलं. पण गोष्ट इतकी सरळ नव्हती. पुढे लक्षात आलं की या उंदरांच्या अंगात उवा होत्या, आणि उंदरांच्या उवांमधून बार्टोनेला नावाचा जंतू रक्तात शिरतो. तोही तांबड्या पेशी मारतो. म्हणजे उंदरांचा रक्तक्षय उपासमारीचा, उवांचा, की अशक्त झालेल्या शरीरात जंतूने डोकं वर काढल्याचा? वेगळं करता येईना. विल्स यांनी ते झाकून ठेवलं नाही. खराब खाण्यामुळे उंदरांत होणाऱ्या बार्टोनेला-रक्तक्षयावरच त्यांचा स्वतंत्र लेख आहे. नंतर हे काम ऱ्हीसस माकडांवर पुन्हा केलं गेलं आणि तिथे आहाराचा धागा पक्का झाला.

विद्यार्थ्यांना हे प्रकरण सांगताना मी सगळ्यांत जास्त वेळ इथे घालवते. उंदरांचा प्रयोग आज एखाद्या समितीपुढे ठेवला तर तो नापास होईल, आणि व्हायलाच हवा. तरीही त्यातून 'यीस्ट' हा धागा हाती आला. चूक प्रयोगातून बरोबर धागा मिळाला, तर ते नशीब. पण पुढचं पाऊल नशिबाचं नव्हतं. उंदरांत काय झालं यावर त्यांनी निष्कर्ष काढला नाही, तो काढला माणसाच्या रक्तावर, रोजच्या रोज मोजून. प्राण्यातला पुरावा डळमळीत निघाला तरी माणसातला पुरावा त्याच्यावर उभा नव्हता. म्हणून तो कोसळला नाही.

वॉर्डातले ते आठ-दहा दिवस

यीस्ट म्हणून जे दिलं गेलं ते मार्माइट. दारूच्या भट्टीत उरलेल्या यीस्टचा काळपट, चिकट, खारट अर्क. इंग्लंडमध्ये १९०२ पासून तो पावाला लावून खाल्ला जायचा. औषध म्हणून बनवलेला नव्हताच. यकृताच्या अर्कापेक्षा खूप स्वस्त.

आता प्रश्न असा की बाई बरी होते आहे हे ओळखायचं कसं? "बरं वाटतंय" यावर भागत नाही, कारण वॉर्डात नुसतं झोपून आणि दोन वेळ जेवूनही बरं वाटतं. हिमोग्लोबिन वाढायला आठवडे लागतात. पण एक खूण लवकर दिसते. अस्थिमज्जेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या तांबड्या पेशीत अजून थोडा आरएनए शिल्लक असतो. ब्रिलियंट क्रेसिल ब्लू या रंगात रक्त मिसळलं की त्या पेशीत निळ्या धाग्यांची बारीक जाळी उमटते. हिला रेटिक्युलोसाइट म्हणतात. निरोगी माणसात शंभर पेशींत अशी एखादीच. मज्जेला जे हवं होतं ते मिळालं की तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून या जाळीदार पेशी वाढत जातात, आठवड्याच्या सुमारास शिखर गाठतात, दहा, वीस, कधी त्याहून जास्त टक्के, आणि मग उतरतात. त्यांच्या पाठोपाठ हिमोग्लोबिन चढायला लागतं.

ज्याने कधी ही मोजणी केली आहे त्याला ठाऊक आहे, सातव्या दिवशीची काच बघताना काय वाटतं. कालपर्यंत रिकाम्या वाटणाऱ्या मैदानात सगळीकडे निळी जाळी पसरलेली असते. बाई अजून तितकीच फिकी दिसत असते, तिच्या नातेवाइकांना काही फरक कळलेला नसतो, पण तुम्हाला कळलेलं असतं.

मुंबईतल्या या रुग्णांत मार्माइट दिल्यावर ही लाट उसळली, आणि यकृत दिल्यावरही. जून १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये विल्स यांचा लेख आला. यीस्टचा अर्क या रक्तक्षयावर गुणकारी आहे, हे त्यात मांडलं होतं. अर्कात नेमकं काय आहे हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. लोक त्याला 'विल्स फॅक्टर' म्हणू लागले.

तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, चिठ्ठ्या टाकून वाटणी नव्हती. आजच्या मापाने ही उणीवच. पण मरणाच्या दारातल्या बाईला मुद्दाम काही न देता बघत बसणं कुणाला परवडलं असतं? प्रत्येक बाईच्या आधीच्या दिवसांची मोजणी हीच तिची तुलना. लाट इतकी ठरावीक वेळी आणि इतकी उंच येते की योगायोग म्हणायला जागा राहत नाही. मी तरी हा पुरावा मानते. मात्र असा पुरावा फक्त मोठ्या आणि झटपट परिणामालाच पुरतो. बाळाचं वजन पन्नास ग्रॅमने वाढलं का, असल्या प्रश्नाला तो अजिबात चालणार नाही.

दिसायला एक, आजार दोन

१९३७ च्या अखेरीस विल्स पुन्हा हाफकिनमध्ये आल्या. तोवर यकृताचे शुद्ध केलेले अर्क निघाले होते. टोचले की पर्निशियस ॲनिमिया हमखास सुधारायचा. साहजिकच सगळ्यांना वाटत होतं की शुद्ध अर्क कच्च्यापेक्षा चांगला. पण उष्ण कटिबंधातल्या या रक्तक्षयावर तो चालेना. कच्चा अर्क चालायचा. बार्बरा इव्हान्स यांच्याबरोबरचा त्यांचा लेख १९३८ मध्ये लॅन्सेटमध्ये आला.

शुद्ध करताना जे 'गाळ' म्हणून टाकलं गेलं, त्यातच या बायकांचं औषध होतं. म्हणजे काचेवर दोन्ही आजार सारखेच दिसत असले तरी कमी पडलेली वस्तू वेगळी. आज आपण म्हणतो, एकीकडे बी-१२ आणि दुसरीकडे फोलेट, म्हणजे गोळीतल्या फोलिक ॲसिडचं अन्नातलं रूप. कच्च्या यकृतात दोन्ही असतात. यीस्टमध्ये फोलेट भरपूर, पण मूळचं बी-१२ नाही. 'गरोदरपणातला पर्निशियस ॲनिमिया' हे नाव तिथेच खोटं ठरलं.

पेशी का फुगतात, हे नंतर उलगडलं. पेशीला दोन व्हायचं तर डीएनएची नक्कल करावी लागते, त्यासाठी थायमिडीन लागतं, आणि ते बनवायला फोलेट. फोलेट नसेल तर केंद्रक अडून बसतं, बाकी पेशी मात्र वाढतच राहते. गरोदरपणी गर्भ, नाळ, गर्भाशय आणि आईचं स्वतःचं वाढतं रक्त, सगळीकडे एकाच वेळी पेशी दुणावत असतात. साठा यकृतात असतो, पण तो काही महिन्यांचाच. १९६१ मध्ये अमेरिकी डॉक्टर व्हिक्टर हर्बर्ट यांनी तीनदा उकळून पाणी फेकून दिलेलं अन्न खाऊन स्वतःवर हे तपासलं. साडेचार महिन्यांत त्यांच्या मज्जेत मोठ्या पेशी दिसू लागल्या. माझ्या काचेवरच्या बाईचे तीन-चार महिने आठवा. तिला तर पोटातल्या बाळाचाही वाटा द्यायचा होता.

नाव नंतर मिळालं

पुढचा इतिहास सगळीकडे वाचायला मिळतो, म्हणून थोडक्यात. १९४१ मध्ये टेक्सासमध्ये चार टन पालकातून एक आम्ल वेगळं केलं गेलं, आणि पानावरून त्याचं नाव फोलिक ॲसिड ठेवलं. १९४५ मध्ये लेडर्ली प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या बनलं. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. तरुणपणी त्यांनी आपले भाऊ स्प्रूने, म्हणजे आतड्यात अन्न नीट शोषलं न जाण्याच्या आजाराने, गमावले होते, आणि स्प्रूमधल्या रक्तक्षयावरही हेच औषध लागू पडलं. याच रेणूची उलटी बाजू, म्हणजे फोलेटला अडवणारी औषधं, सिडनी फार्बर यांनी १९४८ मध्ये मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर वापरली.

१९९१ चा लॅन्सेटमधला निकाल मात्र थोडा उलगडून सांगायला हवा. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सात देशांतल्या ३३ केंद्रांत १,८१७ बायकांवर चाचणी केली. ज्यांच्या आधीच्या बाळाला मज्जारज्जूचं व्यंग होतं, त्यांच्यातल्या साधारण निम्म्या जणींना गर्भ राहण्याआधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फोलिक ॲसिड दिलं. व्यंग पुन्हा येण्याचा धोका ७२ टक्क्यांनी कमी झाला. रक्तक्षयासाठी शोधलेली वस्तू बाळाचा कणा वाचवते, हे तिथे ठरलं. पण कण्याची नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ व्या दिवशी मिटते. तेव्हा बऱ्याच बायकांना दिवस गेल्याचं माहीतही नसतं. तिसऱ्या महिन्यात नाव नोंदवल्यावर दिलेली गोळी आईच्या रक्ताला उपयोगी, पण बाळाच्या कण्यासाठी ती उशिराची.

गोळी आहे, मग काच का येते?

आज भारतात 'ॲनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमाखाली गरोदर बाईला १८० दिवस रोज एक लाल गोळी मिळते: ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड. बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. विल्स यांना जे सापडायला वर्षं लागली ते आज फुकट मिळतं. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ५२.२ टक्के गरोदर बायकांचं रक्त कमी निघालं. पूर्ण १८० दिवस गोळ्या घेतल्याचं सांगणाऱ्या माता २६ टक्के.

सगळाच दोष फोलेटचा नाही, बहुतेक लोहाचाच आहे. त्यात जंत, मलेरिया, लागोपाठची बाळंतपणं. आपल्याकडे बी-१२ ही कमी असतं, कारण ते वनस्पतींतून मिळत नाही. इथे १९३८ चा धडा उलट्या बाजूने लागू पडतो. बी-१२ कमी असलेल्या बाईला नुसतं फोलिक ॲसिड भरपूर दिलं तर काच सुधारू शकते आणि मज्जातंतूंचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं. म्हणून पेशी मोठ्या दिसल्या की मी अहवालात 'दोन्ही तपासा' असं लिहिते आणि रेसिडेंटला फोनही करते. लिहिलेलं वाचलं जाईलच, याचा भरवसा नाही.

पण मला जास्त टोचतं ते वेगळं आहे. १९२८ मध्ये आहाराच्या नोंदीला रक्ताच्या नोंदीइतकाच मान होता. ती घेण्यासाठी डॉक्टर घरोघरी गेले. आज आपल्याकडे यंत्र एका मिनिटात वीस आकडे देतं, पेशीचं सरासरी आकारमान दशांशापर्यंत छापून येतं, आणि बाई काय खाते ही जागा कोरी असते. विचारलं तरी "आहार: मिश्र" एवढंच लिहितात. मिश्र म्हणजे वर्षातून चारदा मटण खाणारीही आणि रोज अंडी खाणारीही. "गोळ्या चालू" हाही त्याच जातीचा शेरा. कुणाच्या हातात चालू, पोटात की डब्यात? मळमळतं का, शौचाला काळं होतं म्हणून घाबरली का, चहाबरोबर घेते का, सासू म्हणाली का की गोळ्यांनी मूल मोठं होऊन सिझर होतं? ही कारणं ऐकली की त्यातल्या निम्म्यांवर उपाय वॉर्डातच निघतो. रात्री झोपताना घ्या, जेवणानंतर घ्या, चहा तासभर पुढे ढकला.

माझ्या त्या रुग्णाला आधी मळमळीचं औषध दिलं, मग फोलिक ॲसिड आणि बी-१२ दोन्ही सुरू केलं, लोह चार दिवसांनी. आठव्या दिवशी मी तिची काच निळ्या रंगात पाहिली. जाळीच जाळी. सिस्टरना वर बोलावून दाखवली. त्यांनी एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "हे सगळं नवीन रक्त?"

त्यानंतर आमच्या रक्त तपासणीच्या मागणीपत्रावर दोन ओळी वाढवल्या. 'गेल्या सात दिवसांत गोळ्या किती दिवस पोटात गेल्या' आणि 'काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय खाल्लं'. पहिले काही महिने त्या ओळी रिकाम्याच यायच्या. रिकामं पत्र आलं की मी फोन करायची. आता बऱ्याच पत्रांवर काही ना काही लिहिलेलं असतं, अक्षर सिस्टरचं किंवा आशाताईचं. परवाच्या एका पत्रावर होतं: "काल उपास. परवाचं आठवत नाही म्हणते. गोळ्या तीन दिवस. उद्या सासूबाई येणार आहेत, घरात भाजी कोण आणतं ते त्यांना विचारते."